पावसाळ्यात सुलकाटा कासवाने खाणे सोडले आहे, मदत हवी आहे

आम्ही ठाण्यात घोडबंदर रस्त्याच्या बाजूला, येऊरच्या डोंगराला टेकून उभ्या असलेल्या इमारतीत पाचव्या मजल्यावर राहतो. आमच्याकडे तीन वर्षांचे एक सुलकाटा, म्हणजे आफ्रिकेतले जमिनीवर राहणारे कासव आहे. त्याचे नाव धोंडू. पाठीची लांबी २० सेंटिमीटर आहे. धाकट्या दिरांची बदली झाल्यामुळे जानेवारीत तो आमच्याकडे आला. विदेशी प्राण्यांच्या नोंदणीच्या २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर त्याची नोंद असून हस्तांतराचेही कागद झाले आहेत. हे आधीच सांगते, कारण कासव म्हटले की पहिला प्रश्न तोच येतो, आणि यायलाही हवा. आपल्याकडचे स्टार कासव घरात ठेवणे हा गुन्हाच आहे.

जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत काही अडचण नव्हती. बाल्कनीत सकाळी तीन तास ऊन येत असे, आणि धोंडू हरळी व जास्वंदीची पाने फडशा पाडल्यासारखी खात असे. पाऊस लागल्यापासून मात्र ऊन जवळजवळ दिसलेले नाही, बाल्कनीत वावझड येते म्हणून काचा बंद ठेवाव्या लागतात, आणि गेले सहा दिवस त्याने एका पानालाही तोंड लावलेले नाही. स्वयंपाकघरातल्या काट्यावर महिन्याच्या सुरुवातीला त्याचे वजन १,७५० ग्रॅम होते, काल ते १,६९० भरले. पहाटे सहाला त्याच्या कोपऱ्यातले तापमान २४ अंश आणि आर्द्रता ९२ टक्के होती.

दोन गोष्टी विशेष लक्षात आल्या. एक म्हणजे, मोकळा सोडला की तो सरळ फ्रिजच्या मागे जातो आणि मोटारीला अंग चिकटवून बसतो. तीनदा त्याला पाठीवरच्या जळमटांसकट ओढून बाहेर काढले आहे. दुसरे म्हणजे, काल उलटा करून पाहिले तेव्हा पोटाकडच्या दोन पट्ट्यांमधल्या खाचेत नखाएवढा पांढुरका डाग दिसला, आणि त्याला ओल्या गोणपाटासारखा वास येत होता. नाक कोरडे आहे, डोळे उघडे आहेत, श्वासाचा आवाज येत नाही.

घरात सल्ल्यांना तोटा नाही. सासूबाई म्हणतात, कूर्मावतार तो, चातुर्मास पाळतो आहे, झोपू द्या. यजमानांचे मत असे की कासवाला पाणी हवेच, तेव्हा टबात सोडावा. आपल्या भाषेत तळ्यातले, समुद्रातले आणि माळरानावरचे अशा सगळ्यांना ‘कासव’ हा एकच शब्द असल्यामुळे हा घोळ होतो, असे मला वाटते. धोंडूला पोहता येत नाही. कासवीच्या नुसत्या नजरेने पिल्ले पोसली जातात असे संतांनी म्हटले आहे, पण माझ्या दिवसभराच्या पाहण्याने याचे वजन काही वाढत नाही. जवळच्या दवाखान्यात नेले, तर डॉक्टरांनी आम्ही कुत्री-मांजरीच पाहतो असे सांगून, हवे तर जंताचे एक इंजेक्शन देऊन बघू म्हटले. मी तूर्त नको म्हणाले.

सध्या त्याच्या खोक्यावर ६० वॉटचा साधा पिवळा दिवा लावते आणि खाली नारळाचा भुसा आहे. ही खरोखरच झोप असू शकते का? हवा इतकी दमट असताना उष्णता वाढवली तर त्रास होईल का? आणि भुसा ठेवावा की काढावा? ज्यांनी या हवेत सुलकाटा सांभाळला आहे, त्यांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद (खारघर)

ताई, माझ्याकडे सात वर्षांपासून सुलकाटा आहे आणि खारघरचा पाऊस तुम्हाला ठाऊक असेलच. ही झोप नाही. सुलकाटा हा सहाराच्या दक्षिणेकडच्या पट्ट्यातला प्राणी. तो शीतनिद्रा घेत नाही, गार पडला की त्याचे पचन थांबते, एवढेच. फ्रिजच्या मागे बसून तो तुम्हाला तेच सांगतो आहे. दमट हवेला फार घाबरू नका, कारण स्वतःच्या मुलखातही तो जमिनीत खोल बीळ खणून तिथल्या ओलाव्यात दुपार काढतो. ओल आणि गारवा एकत्र आले की मात्र कवच कुजते आणि छाती भरते.

खोक्याच्या एका टोकाला दिवसा ३५ अंशांपर्यंत ऊब द्या, दुसरे टोक २७-२८ वर राहू द्या, आणि बरा होईपर्यंत रात्री २५ च्या खाली जाऊ देऊ नका. रात्रीसाठी उजेड न देणारा सिरॅमिक हीटर मिळतो. तो थर्मोस्टॅटवरच (ठरलेल्या तापमानाला हीटर आपोआप बंद-चालू करणारे यंत्र) लावा, नाहीतर भाजते. पिवळ्या दिव्याने ऊब मिळेल, पण अतिनील किरण मिळणार नाहीत, आणि ते काचेतूनही येत नाहीत. म्हणून बंद काचेआडच्या उन्हाचा त्या बाबतीत उपयोग नाही. सरपटणाऱ्या प्राण्यांसाठीची, हे किरण देणारी यूव्हीबी नळी आणा आणि वर्षभराने बदला, ती पेटत असली तरी. भुसा तूर्त काढून वर्तमानपत्र अंथरा व रोज बदला. रोज पंधरा मिनिटे कोमट पाण्यात, हनुवटी बुडणार नाही इतक्याच, बसवा आणि नंतर खाचा मऊ फडक्याने टिपून घ्या. अंग गरम होण्याआधी जबरदस्तीने काही भरवू नका, पोटात कुजते. खायला लागला की हरळी, तुती, जास्वंद, काटे काढलेला फड्या निवडुंग द्या. पालक आणि फळे टाळा. कॅल्शियमसाठी काष्ठौषधींच्या दुकानातले समुद्रफेन किसून घालतो मी.

इंजेक्शनला नको म्हणालात ते फार बरे केले. जंतासाठी सर्रास वापरले जाणारे आयव्हरमेक्टिन कासवांना विषासारखे असते, जीव जातो. कासवे पाहणाऱ्या डॉक्टरांकडेच न्या आणि तो डाग दाखवा. नाकातून बुडबुडे आले किंवा मान ताणून तोंड उघडून श्वास घेऊ लागला, तर त्याच दिवशी न्या; कासवांना आपल्यासारखा पडदा नसतो, त्यामुळे खोकून कफ बाहेर टाकता येत नाही.

मूळ धागाकर्तीचे उत्तर

सविस्तर उत्तराबद्दल मनापासून आभार. हीटर आणि थर्मोस्टॅट परवा बसवले, नळी काल आली. कासवे पाहणाऱ्या डॉक्टरांची शनिवारची वेळ मिळाली आहे. आज दुपारी धोंडूने जास्वंदीचे एक पान अर्धे खाल्ले आणि उरलेल्या अर्ध्यावर पाय देऊन बसला. सासूबाईंनी चातुर्मास मोडला म्हणून जाहीर केले. फ्रिजमागची फट पुठ्ठ्याने बंद केली आहे.

एकच शंका राहिली. आमच्या इमारतीच्या जनरेटरवर फक्त लिफ्ट आणि जिन्यातले दिवे चालतात, आणि जोराच्या पावसात रात्री चार-पाच तास वीज जाते. अशा वेळी शेकायची रबरी पिशवी टॉवेलात गुंडाळून खोक्यात ठेवली तर चालेल का, आणि किती गरम असावी?