मदत हवी आहे : गुळाच्या ऑर्डरसाठी एसक्यूलाइट डेटाबेस पुरेल की पोस्टग्रेस घ्यावे?

नमस्कार मंडळी,

आमचे गुऱ्हाळ पन्हाळा तालुक्यात असून गूळ आणि काकवी आम्ही कोल्हापुरातून थेट ग्राहकांना पाठवतो. हंगामात दिवसाला साठेक ऑर्डर येतात. संक्रांतीच्या आधी चिक्कीच्या गुळामुळे हा आकडा दीडशेपर्यंत जातो. आकडा मोठा नाही, हे सुरुवातीलाच सांगतो, कारण मागच्या वेळी नेमके तेच आम्ही विसरलो.

एका ओळखीच्या मुलाने गेल्या वर्षी मोठ्या हौसेने व्यवस्था उभारून दिली. ऑर्डरची सेवा वेगळी, साठ्याची वेगळी, निरोपांची वेगळी, आणि सगळा डोलारा कुबरनेटीसवर, म्हणजे अशा अनेक सेवा एकत्र चालवणाऱ्या मोठ्या यंत्रणेवर. ऐन संक्रांतीच्या तोंडावर साठ्याची सेवा बंद पडली, ऑर्डरची मात्र सुरू राहिली, आणि माल संपल्यावरही दोन दिवस आम्ही पैसे घेत राहिलो. मुलगा परीक्षेत अडकला होता; दुसऱ्या कोणाला त्यात हात घालता येईना. त्याला दोष देत नाही. नव्याची भुरळ आम्हालाही पडली होतीच.

आता भाड्याचा एकच सर्व्हर, त्यावर डेबियन ही कार्यप्रणाली, एनजिनएक्स हा वेब सर्व्हर, पीएचपी ही प्रोग्रॅमिंगची भाषा आणि एक डेटाबेस, एवढ्यावर भागवायचे ठरवले आहे. डेबियन १९९३ चे, पीएचपी १९९५ चे. त्यामुळे काही अडले तर तेच आधी कोणाला तरी अडलेले असते, आणि शहरात पीएचपी जाणणारा माणूसही मिळतो. सर्व्हर गोदामात ठेवण्याचा विचार २०१९ आणि २०२१ चे महापूर पाहिल्यानंतर सोडून दिला.

प्रश्न डेटाबेसचा आहे. एसक्यूलाइट म्हणजे एकच फाइल, सांभाळायला सोपी; पोस्टग्रेस हा स्वतंत्रपणे चालणारा डेटाबेस. पण एका वेळी एकालाच लिहिता येते असे वाचले. संक्रांतीच्या गर्दीत ते तग धरेल का? आणि रोजचा बॅकअप कसा घ्यावा?

प्रतिसाद :

दीडशे ऑर्डर म्हणजे गर्दी नव्हे. एकेक नोंद काही मिलिसेकंदांत होते. दोन नोंदी एकत्र आल्या तर दुसरी क्षणभर थांबेल, तेवढी थांबण्याची मुदत सेटिंगमध्ये द्या आणि वॉल (WAL) पद्धत, म्हणजे बदल आधी वेगळ्या फाइलमध्ये लिहिण्याची पद्धत, सुरू करा, म्हणजे लिहिणे चालू असताना वाचणारे अडकत नाहीत. उद्या दुसरा सर्व्हर जोडावा लागला तर मात्र पोस्टग्रेस घ्या, कारण एसक्यूलाइटची फाइल नेटवर्कवरून वापरणे धोक्याचे असते.

आपली खरी अडचण वेगळी होती, असे मला वाटते. ऑर्डर नोंदवणे आणि साठा कमी करणे ही दोन्ही कामे एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (झाली तर सगळी, नाहीतर एकही नाही, अशा गटात) हवीत, म्हणजे साठा उरला नसेल तर ऑर्डरही नोंदवली जाणार नाही. डेटाबेस एकच असला की हे सहज साधते.

बॅकअपसाठी चालू फाइल नुसती कॉपी करू नका. लिहिणे चालू असताना घेतलेली प्रत खराब निघू शकते. एसक्यूलाइटची स्वतःची बॅकअप आज्ञा रोज रात्री चालवा, प्रत दुसऱ्या ठिकाणी पाठवा, आणि हंगामाआधी एकदा त्या प्रतीवरून सगळे पुन्हा उभे करून पाहा.