खण की गाळा?

प्रश्न : आमच्या पेठेतल्या एका जुन्या वाड्याची माहिती लिहितोय. खाली आता दुकानं आहेत. दर्शनी बाजू ‘पाच खणी’ म्हणू की ‘पाच गाळ्यांची’?

— खणच लिहा. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे खण. लाकडी घरात तुळई न वाकता जेवढं अंतर पेलते, तेवढाच खण पाडता येतो. म्हणून जुनी माणसं ‘तीन खणांचं माजघर’ असं सांगत. फूट-इंच नंतर आले. पुण्यात विश्रामबाग वाड्यासमोर उभं राहून पाहा. दुसऱ्या बाजीरावाच्या या वाड्याचे सुरूच्या झाडाच्या आकाराचे कोरीव खांब मोजले की खण आपोआप मोजून होतात. वर मेघडंबरी, म्हणजे नक्षीदार छताचा सज्जा आहे, तिच्याकडे तर मी प्रत्येक वेळी थबकून बघतो. तिथे १८२१ साली संस्कृत पाठशाळा भरली, पुढे कचेऱ्या आल्या, टपालकचेरी आली. वापर किती बदलला, खण तेवढेच.

गाळा म्हणजे आतली मोकळी जागा. बांगडीचा गाळा म्हणतो ना, तोच. म्हणून भाड्याने जातो तो गाळा. खण भाड्याने दिल्याचं मी कधी ऐकलं नाही.

माझ्या आजोळी पुढचा सोपा कापडदुकानाला दिलेला होता. रात्री दुकान बंद करताना खोबणीत एकेक फळी सरकवायची. फळ्यांवर १ ते ९ आकडे कोरलेले, क्रम चुकला की शेवटची बसतच नसे. पुढे शटर आलं. त्याची पट्टी बसवायला खांबाखालच्या दगडी तळखड्याचा कोपरा फोडला. गल्ल्यामागे वाकून पाहिलं तर तो फुटका कोपरा अजून दिसतो. वरचा कडीपाट, म्हणजे लाकडी कड्या-फळ्यांचं छत, मात्र शाबूत आहे, पांढऱ्या ऑइलपेंटखाली.

— दादा, सोपा म्हणजे ओसरीच का? आणि ‘खण’चं अनेकवचन?

— ताई, कोल्हापूर-साताऱ्याकडे सोपा, पुण्यात ओसरी. जागा साधारण तीच, घराच्या पुढची. एक खण, पाच खण, रूप बदलत नाही. गाळ्याचं मात्र गाळे.

आणि मूळ प्रश्नाचं : ‘दर्शनी बाजू पाच खणी, त्यांपैकी चार खणांत आता दुकानाचे गाळे’ असं लिहिलंत तर वाडाही कळेल आणि दुकानही. आकडे तेवढे जागेवर जाऊन मोजा. शटरच्या पेटीमागे एखादा खांब हमखास लपलेला असतो.