मदत हवी आहे: लॉगमध्ये प्रश्नचिन्हांच्या जागी खऱ्या व्हॅल्यू

लातूरच्या आडत दुकानांचं हिशोबाचं सॉफ्टवेअर, जावा आणि पोस्टग्रेस डेटाबेस. प्रिपेअर्ड स्टेटमेंट (व्हॅल्यूच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवलेली क्वेरी) लॉगमध्ये नुसत्या प्रश्नचिन्हांसकट येतं. उचलून पीजीॲडमिनमध्ये (पोस्टग्रेसवर क्वेरी चालवायचं टूल) चालवता येत नाही.

जावाच्या 'रिप्लेसफर्स्ट'नं (पहिलं सापडलेलं चिन्ह बदलणारी मेथड) एकेक चिन्ह बदलून बघितलं. शेरा 'सोयाबीन ओलं?' असला की पुढचा भाव ४३५० थेट त्या शेऱ्यातच घुसतो! व्हॅल्यूत डॉलरचं चिन्ह आलं तर बहुतेक वेळा एक्सेप्शनच. (खरी क्वेरी व्हॅल्यू वेगळ्या देऊन, म्हणजे बाइंड करूनच चालते, हे फक्त लॉगपुरतं. एसक्यूएल इंजेक्शनवर भाषण नको.)

पीसिक्सस्पाय या क्वेरी लॉग करणाऱ्या लायब्ररीनं व्हॅल्यू नीट भरून येतात, पण शेतकऱ्यांचे खाते नंबरही उघडे पडतात. तिच्या मेसेज फॉरमॅटरला (लॉगची ओळ बनवणारा भाग) प्रिपेअर्ड आणि भरलेली अशा दोन्ही स्ट्रिंग मिळतात, व्हॅल्यूची वेगळी यादी नाही. मग ठराविक कॉलमच तेवढा कसा झाकायचा? कुणी केलंय का?