बॅक्टेरियोसिन (एका बॅक्टेरियाने दुसऱ्या बॅक्टेरियाला मारायला बनवलेलं पेप्टाइड) नेमकं मारतं कसं? आणि ई. कोलायला काहीच का होत नाही?

प्लेटवाला
एमएस्सी मायक्रोला आहे. लॅक्टोकॉकस लॅक्टिसच्या नायसिन (हे एक बॅक्टेरियोसिन) बनवणाऱ्या स्ट्रेनचं सुपरनेटंट (पेशी काढून उरलेलं द्रव) घेऊन वेल डिफ्युजन केलं, म्हणजे प्लेटमधल्या खड्ड्यात ते भरलं, मायक्रोकॉकस ल्युटियसच्या प्लेटवर झकास क्लिअर झोन (वाढ नसलेला भाग) आला. लॅक्टिक ॲसिडचा परिणाम नको म्हणून पीएच साडेसहाला आणला होता, हायड्रोजन पेरॉक्साइडची शंका नको म्हणून कॅटलेजपण टाकलं होतं, तरी झोन आहेच, पण कायमोट्रिप्सिन (प्रोटीन कापणारं एन्झाइम) टाकलं की गायब. म्हणजे काम पेप्टाइडचंच आहे एवढं कळलं. आता ई. कोलायच्या प्लेटवर ढिम्म काही नाही. नोट्समध्ये सगळीकडे एकच वाक्य, "मेम्ब्रेनला छिद्रं पाडतं". अरे पण मेम्ब्रेन तर ई. कोलायलापण आहे ना? आणि जो बॅक्टेरिया हे बनवतो तो स्वतः का मरत नाही?

भिंतीपलीकडे
"छिद्रं पाडतं" हे चूक नाही पण अर्धंच आहे. नायसिन म्हणजे 34 अमिनो ॲसिडचं छोटं पेप्टाइड, पॉझिटिव्ह चार्जचं, त्यामुळे बॅक्टेरियाच्या निगेटिव्ह पृष्ठभागाकडे ओढलं जातं हे खरं, पण नुसत्या चार्जवर मारायचं म्हटलं तर डोस बराच जास्त लागतो. खरी गंमत लिपिड टू मध्ये आहे. पेशीभिंतीच्या विटा आत तयार होतात आणि मेम्ब्रेन ओलांडून बाहेर न्यायचं घमेलं म्हणजे हे लिपिड टू. नायसिनच्या पुढच्या टोकाला दोन रिंगा आहेत (लँथिओनिनच्या, म्हणूनच याला लँटिबायोटिक म्हणतात), त्या लिपिड टू च्या पायरोफॉस्फेटला पिंजऱ्यासारख्या घट्ट धरतात, मग मागचं टोक मेम्ब्रेनमध्ये घुसतं आणि असे साधारण 8 नायसिन नि 4 लिपिड टू मिळून एक छिद्र होतं, 2 नॅनोमीटरच्या आसपास. त्यातून पोटॅशियम, अमिनो ॲसिड, एटीपी सगळं बाहेर, प्रोटॉन ग्रेडियंट कोसळतो, पेशी खलास. लिपिड टू हाताशी असल्यामुळेच नॅनोमोलर इतक्या कमी प्रमाणात हे जमतं.

आणि छिद्र पडलं नाही तरी सुटका नाही बरं का, नायसिनचा मधला लवचिक भाग बदलून छिद्र पाडायची क्षमता घालवली तरी ते बॅक्टेरिया मारतं, कारण लिपिड टू अडकवून ठेवलं की भिंतीचं बांधकामच थांबतं. परीक्षेत हे कुणी लिहीत नाही, तू लिही.

ई. कोलायचं म्हणशील तर लिपिड टू त्याच्याकडेपण तेच आहे, फक्त तिथवर पोचायच्या आधी बाहेरची मेम्ब्रेन आडवी येते. ईडीटीए घालून बघ, ते मॅग्नेशियम-कॅल्शियम काढून घेतं, त्या बाहेरच्या मेम्ब्रेनमधला एलपीएसचा (लिपोपॉलिसॅकराइड) थर सैल होतो आणि मग नायसिन आत जातं. मात्र नुसत्या ईडीटीएचा कंट्रोल ठेवच, तोसुद्धा थोडीफार वाढ रोखतो, नाहीतर सर पहिला प्रश्न तोच विचारतील.

प्लेटवाला
भारी! पण व्हॅन्कोमायसिनपण लिपिड टू लाच धरतं ना, मग व्हॅन्कोमायसिन रेझिस्टंट बॅक्टेरियावर नायसिन कसं चालतं?

भिंतीपलीकडे
धरायची जागा वेगळी. व्हॅन्कोमायसिन लिपिड टू च्या पेप्टाइड शेपटीतल्या डी-अ‍ॅलानिन डी-अ‍ॅलानिनला धरतं, बॅक्टेरिया तिथे डी-लॅक्टेट बसवून निसटतो. पायरोफॉस्फेट असं बदलता येत नाही. पण म्हणून नायसिनला रेझिस्टन्स येतच नाही असं जे कुठेकुठे वाचायला मिळतं ते झूठ आहे, भिंतीतल्या टायकोइक ॲसिडवर डी-अ‍ॅलानिन चिकटवून पृष्ठभागाचा निगेटिव्ह चार्ज कमी करणारे आहेत, नायसिनची शेपटी कापणारं प्रोटिएज बाळगणारेपण आहेत.

साखरचोर
सगळ्या बॅक्टेरियोसिनना लिपिड टू च लागतं असं समजू नकोस हां. पेडिओसिन पीए-1 घे, पेडिओकॉकसचं, त्यात लँथिओनिन वगैरे काही नाही, ते लिस्टेरियाच्या मॅनोज पीटीएस ला धरतं, म्हणजे साखर आत घेणारी जी यंत्रणा तीच याचं दार. त्यामुळे ज्यांच्याकडे योग्य प्रकारची मॅनोज पीटीएस आहे तेच मरतात, आणि लिस्टेरियाचे रेझिस्टंट म्युटंट बहुतेकदा हीच यंत्रणा कमी बनवतात, साखर थोडी कमी मिळाली तरी चालेल पण जीव वाचला पाहिजे असा हिशोब.

तुझा दुसरा प्रश्न राहिलाच, बनवणारा स्वतः का मरत नाही तो. नायसिन आत बनतं तेव्हा त्याला एक लीडर पेप्टाइड जोडलेलं असतं, तोवर ते निष्क्रिय. निस-टी नावाचा ट्रान्सपोर्टर ते बाहेर काढतो आणि बाहेर बसलेलं निस-पी लीडर कापतं, तेव्हा कुठे ते घातक होतं. मग बाहेरून उलटून आलेल्याचं काय? तर निस-आय हे लिपोप्रोटीन मेम्ब्रेनच्या बाहेरच्या बाजूला त्याला पकडतं, आणि मेम्ब्रेनमध्ये घुसलेलं निस-एफईजी पंप बाहेर ढकलतो. पेडिओसिनवाल्यांकडे पंप नाही, त्यांचं इम्युनिटी प्रोटीन आतल्या बाजूने त्या पीटीएस ला धरून छिद्र बंद ठेवतं.

प्लेटवाला
समजलं. ईडीटीएवाली प्लेट लावतो, नुसत्या ईडीटीएच्या कंट्रोलसकट. एक शेवटचं, पीएच साडेसहाला आणल्यावर झोन थोडा लहान झाला होता, तो फक्त ॲसिड गेल्यामुळे का?

भिंतीपलीकडे
काही अंशी, पण नायसिनची विद्राव्यता आणि टिकाऊपणा दोन्ही आम्लात चांगले, पीएच वाढेल तसे घटतात. म्हणून न्यूट्रलाइज केलेलं सुपरनेटंट फार वेळ ठेवू नकोस, लगेच वेलमध्ये भर. आणि बॅक्टेरिया न वाढवलेल्या मीडियाचा पीएच लॅक्टिक ॲसिड घालून न्यूट्रलाइज करण्याआधीच्या सुपरनेटंटइतका आण आणि त्याची एक वेल ठेव, मग कळेल ॲसिडचा वाटा किती ते.