ई-इंकवरील ‘घोस्टिंग’ला मराठीत काय म्हणावे?

कोरीडर या मुक्तस्रोत वाचन-ॲपच्या सेटिंग्जचे मराठीकरण करताना एका शब्दापाशी अडले आहे. ई-पुस्तके वाचण्याच्या यंत्रांतल्या ई-इंकच्या, म्हणजे कागदासारख्या दिसणाऱ्या पडद्यावर पान उलटले तरी आधीच्या पानातली अक्षरे फिकट करड्या रंगात मागे राहतात, यालाच ‘घोस्टिंग’ म्हणतात. ती घालवण्यासाठी पडदा क्षणभर पूर्ण काळा-पांढरा करून पान नव्याने उमटवावे लागते, ते ‘फुल रिफ्रेश’. मी अनुक्रमे ‘छायाशेष’ आणि ‘पूर्ण पुनर्रेखन’ असे योजले आहे. सहकाऱ्याचे म्हणणे असे की, दोन्ही शब्द इंग्रजीतलेच ठेवावेत. आपले मत कळवावे. (आलेली उत्तरे पुढे एकेका शीर्षकाखाली दिली आहेत.)

छायाशेष पटत नाही
छाया पडायला प्रकाश अडावा लागतो. येथे सूक्ष्म कुप्यांमधले काळे-पांढरे विद्युतभारित कण विजेच्या दाबाने वरखाली होतात आणि काही कण पूर्ण न सरकता अधेमधेच राहतात. आमची आजी पाटी तपासताना “अजून पुसट राहिलंय, परत पूस” असे म्हणत असे. माझ्या मते ‘पुसट राहणे’ हाच नेमका आणि घरचा वाक्प्रयोग आहे.

पुसणे दोन, पुसट एक
विचारणे या अर्थाचे ‘पुसणे’ संस्कृत ‘प्रच्छ्’कडे जाते आणि स्वच्छ करणे या अर्थाचे ‘प्रोञ्छ्’कडे, ‘पुसट’ दुसऱ्याचे अपत्य, हे मान्य. पण ‘पुसट अक्षरे’ असे वाचल्यावर वाचकाला चालू पानाचीच अक्षरे फिकी दिसतात असे वाटेल आणि तो नाहक कॉन्ट्रास्ट वाढवू लागेल. त्यापेक्षा ‘मागचा ठसा’ का नको?

आधी सेटिंग, मग शब्द
मी बूक्सच्या ई-इंक वाचनयंत्रावर वाचतो. त्यात प्रत्येक ॲपसाठी रिफ्रेशची वेगळी पद्धत निवडता येते. ए-टू या वेगवान पद्धतीत करड्या छटा गळून फक्त काळा आणि पांढरा उरतो, त्यामुळे इंग्रजी मजकूर एक वेळ चालून जातो, पण देवनागरीतली वेलांटी आणि अनुस्वार खरबरीत दिसतात व ठसेही जास्त राहतात. पुस्तकासाठी 16 छटांची संथ पद्धत ठेवावी, मून प्लस रीडर या दुसऱ्या वाचन-ॲपमध्ये पान उलटण्याचे ॲनिमेशन बंद करावे आणि सरकवत वाचण्याऐवजी आवाजाच्या बटणांनी पाने उलटावीत. फाँट जाड रेघेचा हवा. मला ‘मुक्त’ मानवला. कोरीडरमध्ये ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’ यांतला अर्धा र नीट जुळतो की नाही, हे आधी तपासून पाहा. एवढे केल्यावर ठसे फारसे दिसत नाहीत. त्यांना ‘घोस्टिंग’ म्हणायला माझी हरकत नाही, कारण दुकानातही हाच शब्द चालतो.

दुकानातला शब्द हा निकष नव्हे
‘महापौर’ आणि ‘दिग्दर्शक’ हेही एकेकाळी कृत्रिमच वाटले होते. सेटिंग्जमध्ये रोज दिसणारा शब्द वर्षभरात अंगवळणी पडतो. तो द्यायचाच नसेल तर मराठीकरणाचा खटाटोप कशासाठी करायचा? मात्र ‘पुनर्रेखन’ उच्चाराला जड आहे. ‘पडदा पूर्ण पुसा’ असे साधे क्रियापद वापरावे.

‘पुसा’ धोक्याचे आहे
वाचकाला पुस्तकच पुसले जाईल अशी भीती वाटेल. ‘रिफ्रेश’ ठेवावे. आमच्या वाचनगटातले सत्तरी ओलांडलेले सभासदही हा शब्द सहज वापरतात.

पान की पृष्ठ?
मूळ ओळ ‘दर 6 पानांनी पूर्ण रिफ्रेश’ अशी होणार असेल, तर ‘पान’ या शब्दाला माझा आक्षेप आहे. कागदाच्या एका पानाला दोन पृष्ठे असतात, तेव्हा वाचक 6 पाने म्हणजे 12 पृष्ठे समजू शकेल.

पानच बरोबर
“पान 40 उघडा” असे सांगताना कोणी कागद मोजत नाही. शिवाय येथे अक्षर मोठे केले की पुस्तकाची पाने वाढतात. ‘पृष्ठ’ म्हटल्यावर छापील पुस्तकातला कायमचा क्रमांक डोळ्यांपुढे येतो. ‘पडदाभर मजकूर’ ही कल्पना ‘पान’ या सैल शब्दातच मावते.

मुळीच नाही
सैलपणा गप्पांत शोभतो, सेटिंग्जमध्ये नाही. आणखी एक: ज्या अँड्रॉइड यंत्रांवर कोरीडरला पडद्यावर थेट ताबा मिळत नाही, तेथे ठरावीक पानांनी रिफ्रेश करण्याची सोय यंत्राच्याच सेटिंग्जमधून करावी लागते. तेथील शब्द आणि ॲपमधील शब्द वेगळे पडले, तर वाचकाने जुळणी कशी करायची?