जुन्या गाडीत स्पीडोमीटरचा काटा नाचतोय, मीटर न बदलता काही करता येईल का?

जुनी_सोबत:
नमस्कार मंडळी. गाडी १९९४ची आहे, बाबांकडून माझ्याकडे आलेली. महिनाभरापासून वीस-तीसच्या वेगात स्पीडोमीटरचा काटा शून्य ते पन्नास असे झोके घेतो. साठच्या पुढे बऱ्यापैकी शांत होतो. डॅशबोर्डमागून टिकटिक आवाजही येतो, गारठ्यात सकाळी जरा जास्तच. किलोमीटरचे आकडे मात्र बरोबर पडतात. जीपीएसवर दहा किमी झाले की मीटरवरही दहाच. मेकॅनिक म्हणाला, अख्खा मीटर बदला. मला तो बदलायचा नाही. त्यावरचे १,८७,००० पैकी बहुतेक किलोमीटर बाबांनी चालवलेले आहेत. तो आकडा जाऊ द्यायला मन होत नाही.

पाना_दहा:
ताई, मीटरला हात लावू नका. आकडे बरोबर पडतायत यातच निम्मं उत्तर आहे.

गिअरबॉक्सपासून मीटरपर्यंत एकच केबल येते आणि दोन कामं करते. आकडे दातेरी चाकांवर चालतात, त्यामुळे केबलचे एकूण फेरे मोजले की त्यांचं काम झालं. काट्याचं तसं नाही. केबलच्या टोकाशी चुंबक फिरतो, त्याच्यावर ॲल्युमिनियमची वाटी असते. दोघांचा एकमेकांना स्पर्शही होत नाही. चुंबक फिरला की वाटीत विद्युतप्रवाह तयार होतो आणि ती त्याच्यामागे ओढली जाते. केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागे खेचते. काटा त्या वाटीलाच जोडलेला. आता केबल कुठे मुडपली किंवा कोरडी पडली असेल तर आतली तार अडते, पीळ घेते आणि मग सटकन सुटते. फेरे तेवढेच होतात, पण धक्क्याधक्क्याने. म्हणून आकडे बरोबर आणि काटा नाचतो. वेग वाढला की धक्के एकमेकांत मिसळतात, म्हणून साठच्या पुढे तो शांत.

मीटरमागची चकती सोडवून आतली तार हळूच बाहेर ओढा. काही गाड्यांत ती गिअरबॉक्सच्या बाजूनेच निघते. सपाट टेबलावर ठेवून बोटांनी लाटा. सरळ तार गुपचूप लोळते, मुडपलेली एका जागी उडी मारते. उडी मारली तर केबलच बदला, सरळ करत बसू नका. तार चांगली निघाली तर रॉकेलने पुसून पातळ ग्रीस लावा, पण मीटरकडचं वीतभर टोक कोरडंच ठेवा. ग्रीस वर चढून मीटरमध्ये गेलं की वाटी चिकटते, आणि मग खरंच मीटर उघडावा लागतो.

गिअरतेल:
वरचं टोक तेलाने माखलेलं दिसलं तर गिअरबॉक्सच्या बाजूचं सील गेलंय. आधी ते बदला, नाहीतर नव्या केबलमधूनही तेल वर चढेल.

जुनी_सोबत:
पाना_दहा दादा, सापडलं! काचेच्या टेबलावर तार लाटली, मधोमध एका जागी टुणकन उडाली. डोळ्यांना काही दिसत नव्हतं, बोटांना मात्र बारीक कोपरा लागत होता. मग डॅशबोर्डमागे टॉर्च मारला. नंतर बसवलेल्या म्युझिक सिस्टिमच्या वायरींचा जुडगा बरोबर तिथेच केबलवर दाबून बसला होता. वायरी बाजूला बांधल्या, नवी केबल मोठं वळण देऊन बसवली. तेल कुठेही नव्हतं. काटा आता सरळ चढतो, टिकटिक बंद. एकच शंका: मीटरवर ६० दिसतात तेव्हा जीपीएस ५७ दाखवतो. हे चालेल का?

पाना_दहा:
चालेल. मीटर थोडा जास्तच दाखवतो, तसाच बनवलेला असतो. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन-नियम ३९ प्रमाणे त्याने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवायचं नाही. जास्त दाखवायला १० टक्के अधिक ४ किमी एवढी मुभा आहे. टायरचं माप बदललं असेल तरच पुन्हा तपासा.

जुनी_सोबत:
टायर मूळ मापाचेच आहेत. आज संध्याकाळी आकडा १,८७,०४२ झाला.