कोरा चेहराही रागावलेला का वाटतो?

प्रश्न (महाल, नागपूर): माझ्या धाकट्या बहिणीवर आठ महिन्यांपासून नैराश्याचे उपचार सुरू आहेत. दुकानाचा हिशेब लिहिताना माझ्या कपाळावर आठी पडली, तरी ती लगेच विचारते, “दादा, माझं काय चुकलं?” आमचे वडील तापट होते, त्यांच्या स्कूटरचा आवाज फाटकाशी आला की आम्ही दोघेही गप्प होत असू, आणि मार बहुधा तिच्याच वाट्याला येई. त्या भीतीचा आजच्या या वागण्याशी संबंध असेल, की हे सारे नैराश्यामुळेच होते आहे?

उत्तर १ (निवृत्त प्राध्यापिका, मानसशास्त्र, धरमपेठ): दोन्हींचा वाटा असू शकतो. सेथ पोलक आणि पवन सिन्हा यांनी २००२ मध्ये मुलांना हळूहळू स्पष्ट होत जाणारी चेहऱ्यांची चित्रे दाखवली, तेव्हा घरी मारहाण सोसलेल्या मुलांनी चित्र पुरते उमटण्याआधीच, इतर मुलांपेक्षा लवकर, राग ओळखला. त्या घरात हे कौशल्यच होते. घर बदलले तरी ते सुटत नाही, एवढेच. नैराश्याची तऱ्हा थोडी वेगळी असते: त्यात निर्विकार चेहरा बहुधा उदास वाटतो आणि आनंदाच्या खुणा सहज टिपल्या जात नाहीत. आपल्या बहिणीला उदासी न दिसता राग दिसतो, यावरून बालपणाचा धागा मला अधिक संभवनीय वाटतो; अर्थात हा अंदाज आहे, निदान नव्हे.

उत्तर २ (सदर, नागपूर): थोडे सावध करतो. फेलिट्टी आणि सहकाऱ्यांच्या १९९८ च्या अमेरिकी अभ्यासात, बालपणी चार किंवा अधिक प्रकारचे प्रतिकूल अनुभव आलेल्यांमध्ये व्यसन, नैराश्य व आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका ४ ते १२ पट आढळला. परंतु हा आकडा समूहाचा आहे, एका माणसाचे भविष्य नव्हे. त्याच घरात आपणही वाढलात.

उत्तर ३ (प्रतापनगर): मी स्वतः नैराश्यातून गेलो आहे. “तुला उगाच तसं वाटतं” हे वाक्य मला फार लागत असे, कारण मला खरोखरच तसे दिसत होते. पत्नी आता सरळ सांगते, “मी रागावलेली नाही, माझं डोकं दुखतंय.” ऑक्सफर्डच्या कॅथरीन हार्मर यांच्या संशोधनानुसार नैराश्यावरील औषधांनी चेहरे वाचण्याची पद्धत मनःस्थिती सुधारण्याआधीच बदलू लागते, म्हणून औषध मध्येच सोडू देऊ नका. रात्री-बेरात्री बोलावेसे वाटल्यास टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक आहे, आणि तिथे मराठीतही बोलता येते.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. काल तिने विचारण्याआधीच मी म्हणालो, “साडेचारशे रुपये जुळत नाहीत.” तिने वही ओढून घेतली, बेरीज माझीच चुकली होती. वडिलांविषयी डॉक्टरांना सांगायचे की नाही, हे मात्र मी तिलाच विचारणार आहे.